कडी कोणत्या बाजूला

जोआना आणि नील,

तुम्ही पाठवलेला नकाशा मी दुकानात छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवून पसरला. पर्थमध्ये तुमचे पप्पा नवे घर बांधणार आहेत आणि त्याच घराला लागून माझ्यासाठी एक छोटे बिऱ्हाड काढणार आहेत. एक झोपायची खोली, बसायला थोडी जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर. त्या चौकोनात नीलने लाल पेनने ‘आजी’ असे लिहिले आहे. जोआनाने विचारले आहे की भिंतींना कोणता रंग हवा, आणि मी नक्की येणार ना.

रंगाचे नंतर बघू. येण्याचे उत्तर एका ओळीत देणे मला जमेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आयांसाठी अशी बिऱ्हाडे आखली. माझ्यासाठी कोणी आखलेले हे पहिलेच. त्यामुळे उत्तर देण्याआधी माझ्या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. योगायोगाने आमच्या नाताळ अंकाच्या संपादकांनीही याच सुमारास माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितले, म्हणून एकाच लेखात दोन्ही कामे करते आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते, आणि खरे सांगायचे तर मलाही, कारण माझे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले. पण या गोष्टीतली माणसे इंग्रजीत बोलत नाहीत. हळूहळू वाचा. अडेल तिथे पप्पांना विचारा, त्यांना मालवणी अजून येते. न येण्याचे ते नुसते सोंग करतात.

माझे काम काय होते, ते आधी. सावंतवाडीला आपल्या घराच्या पुढच्या खोलीत माझे ऑफिस होते. लोक जागेचा सातबारा घेऊन येत आणि मी त्यांना घराचा नकाशा करून देत असे. मोठ्या जागेवर घर आखणे सोपे असते. माझ्याकडे बहुतेक जण यायचे ते लहान जागा घेऊन. वडिलोपार्जित जमीन भावंडांत वाटली गेलेली, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन गुंठे आलेले, आणि त्यावर एक घर हवे, शिवाय त्या घरात आणखी एक स्वतंत्र बिऱ्हाड हवे. कधी म्हाताऱ्या आईसाठी, कधी मुंबईहून परतणाऱ्या भावासाठी, कधी भाड्यासाठी.

लहान जागेत काय अडते, ते नकाशा न समजणाऱ्यालाही समजेल असे सांगते. नियमाप्रमाणे चारी बाजूंना थोडी जागा मोकळी सोडावी लागते. विहीर असेल तर संडासाचा शोषखड्डा तिच्यापासून दूर लागतो, आणि लहान जागेत दूर म्हणजे कुठे, हा प्रश्न असतो. आपल्याकडे भिंती चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या. त्या जाड असतात आणि प्रत्येक भिंत खोलीतली वीतभर जागा खाते. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूला उघडी खिडकी ठेवली तर चार महिने अंथरूण ओले. आणि उतरते छप्पर केले तर पागोळ्या कोणाच्या अंगणात पडणार, हे शेजाऱ्याला विचारून ठरवावे लागते. पागोळ्यांवरून एकमेकांशी बोलणे सोडलेली घरे मला माहीत आहेत.

दुसरे बिऱ्हाड तीन ठिकाणी काढता येते: वर, मागे किंवा बाजूला. कुठे काढायचे हे जागा ठरवते, असे मला कॉलेजात शिकवले होते. जागा थोडेच ठरवते. बाकीचे माणसे ठरवतात. माझ्याकडे एकदा दोन सख्खे भाऊ आले होते. दोघांची बिऱ्हाडे अगदी सारखी हवीत, एवढीच त्यांची अट. मी तशी आखली. बांधकाम झाल्यावर दोघे टेप घेऊन एकमेकांचे ओटे मोजून आले. ओटे सारखे भरले, तेव्हा त्यांनी ओट्यावरचे नळ मोजायला घेतले. थोरल्याची बायको मला म्हणाली, मॅडम, तुम्ही दोन घरं केलीत, आता दोन भाऊ पण वेगळे करून द्या, म्हणजे काम पुरं झालं. मी हसले होते. नंतर पुष्कळ वर्षे ते वाक्य मला नकाशे करताना आठवत असे.

आता इन्सुलीची गोष्ट.

इन्सुली हे हमरस्त्यावरचे गाव, सावंतवाडीहून अगदी जवळ. तिथे रोजामाय नावाची एक विधवा बाई राहायची. तिचा मुलगा आलेक्स गोव्यात एका हॉटेलच्या ऑफिसात होता आणि रोज जाऊन-येऊन करायचा. सून फिलोमिना, सगळे तिला फिलू म्हणत, शाळेत शिक्षिका. त्यांची दोन मुले. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांचे जुने घर गेले. भरपाई मिळाली, पण जमीन उरली ती एक लांबट पट्टी. पुढे रस्ता, मागे विहीर, एका अंगाला शेजाऱ्याचे घर आणि दुसऱ्या अंगाला कोणाची तरी काजूची बाग. पट्टीच्या पुढच्या कोपऱ्यात त्यांचा खुरीस होता, म्हणजे घरापुढचा चिऱ्याचा क्रूस. तो रस्त्यातून थोडक्यात वाचला होता.

घर पडल्यावर आलेक्स आणि फिलू मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहिले. तिथे जागा नव्हती म्हणून रोजामायला रेडीला तिच्या भावाकडे ठेवले. नवे घर झाले की तिला परत आणायचे, असे ठरले होते. आलेक्सने मला सांगितले की घरात मायसाठी वेगळे बिऱ्हाड हवे, तिचा स्वयंपाक, तिचे न्हाणीघर, सगळे वेगळे. पुढेमागे ते भाड्यानेही देता येईल. हे शेवटचे वाक्य त्याने आईला सांगायला नको होते. पण आलेक्स मनात काही ठेवणारा माणूस नव्हता, आणि ते तिच्या कानावर गेले.

मी पहिला नकाशा केला तो बिऱ्हाड वर काढून, बाहेरून जिना देऊन. रेडीहून निरोप आला की माझे गुडघे स्वर्गात जाताना चढतील तेवढे पुरे. दुसरा नकाशा केला तो बिऱ्हाड मागे, विहिरीजवळ. निरोप आला की माका मांगरात घालू नको. मांगर म्हणजे घराच्या मागची गवत आणि लाकडे ठेवायची खोप. तिसऱ्या नकाशात मी बिऱ्हाड बाजूला घेतले, मोठ्या घराला लागून, रस्त्याकडे तोंड करून, तिच्या दारातून खुरीस समोर दिसेल असे. यावर निरोपच आला नाही. आलेक्स म्हणाला, तिने ठरवले आहे की ती येणारच नाही, ती भावाकडेच मरणार. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

तेव्हा मला समजले की प्रश्न जागेचा राहिलेला नाही. रोजामाय आली नसती तर ते बिऱ्हाड भाड्याने गेले असते आणि तिला परत यायला जागाच उरली नसती. ती हट्टाने आपलेच दार लावून घेत होती. मी आलेक्सला म्हटले, मला रेडीला घेऊन चल.

मे महिना होता. रेडीला भावाच्या खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडत बसली होती आणि तिचे हात मनगटापर्यंत लाल होते. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर तिथल्या खाणीतल्या खनिजाची तांबडी धूळ बसलेली होती. मी बसले तशी तिने माझ्या पुढ्यातही एक टोपली सरकवली. पाहुण्याने रिकाम्या हाताने बोलू नये, असा तिचा विचार असावा. मी रातांबे फोडू लागले आणि तिला विचारले की तिसऱ्या नकाशात काय वाईट आहे.

तिने आणखी दोन रातांबे फोडले. मग म्हणाली, “बाये, तुका शिकलेली म्हणान सांगतंय. चूल येगळी केली म्हणजे माणूस येगळा केला. ह्या नकाशात लिवचा लागणा नाय, गावाक कळता.”

मी तिला समजावले की आजकाल सोयीसाठी दोन ओटे असतात, त्यात वेगळे काढण्याचा हेतू नसतो. तिने ऐकून घेतले. मग तिने खरी गोष्ट विचारली. आल्तार कुठे असणार?

इथे तुम्हाला सांगायला हवे, कारण पर्थला तुमच्या घरी आल्तार नाही. आपल्याकडे ख्रिस्ती घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक देव्हारा असतो, त्यात सायबीण, म्हणजे मरियामाता, आणि घराचे संत. संध्याकाळी दिवा लावून सगळे घर तिच्यापुढे तेर्स म्हणते. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एकाने अर्धी म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी. ती संपली की लहानांनी मोठ्यांपुढे जाऊन हात जोडायचे आणि बेसांव मागायचे, म्हणजे आशीर्वाद. तुमचे पप्पा दहावीपर्यंत माझ्याकडे रोज मागत असत.

रोजामायच्या घरात आल्तार एकच होता, तिच्या सासूच्या सासूपासूनचा. घर पडले तेव्हा तो आलेक्सने भाड्याच्या खोलीत नेला होता. नव्या घरात तो मोठ्या घराच्या दिवाणखान्यात जाणार, हे उघड होते. म्हणजे तेर्स तिकडे होणार आणि ती भिंतीच्या अलीकडे एकटी. दुसरा आल्तार तिच्या खोलीत मांडावा, असे आलेक्सने सुचवले होते. ते तिला सर्वांत जास्त लागले होते. दोन चुली एक वेळ चालतील, पण दोन आल्तार म्हणजे दोन घरे.

मला तिथेच एक कल्पना सुचली आणि मी ती लगेच बोलून दाखवली. दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीत आरपार कोनाडा ठेवू, त्यात आल्तार बसवू. इकडूनही दिसेल आणि तिकडूनही. मला ती फार हुशारीची वाटली. रोजामायने हातातला रातांबा खाली ठेवला.

“म्हणजे सायबिणीन जलमभर माझ्याकडे पाठ करून रवाचा?”

तिचा भाऊ मागे पडवीत बसला होता तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तीही हसली. मीही हसले. त्या हसण्यामुळे पुढचे काम सोपे झाले. मी तिला म्हटले, नकाशा कागदावर वाचता येत नाही तर जमिनीवर बघायला ये. बघून नको वाटले तर आलेक्स तुला परत इथे आणून सोडेल. ती येते म्हणाली.

जमिनीवर आखणे ही माझी पद्धत होती. घर बांधण्याआधी मी जागेवर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या भुकटीने, सगळे घर खऱ्या मापाने आखून घ्यायची. भिंती, दारे, ओटा, सगळे. मग घरातल्या माणसांना त्यात चालायला लावायची. कागदावर होकार देणारी पुष्कळ माणसे फक्कीवर उभी राहिली की नकार देतात. नकार तेव्हाच आलेला बरा. चिरा एकदा बसला की कोणी काही बोलत नाही, फक्त मनात ठेवतात.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर सगळे इन्सुलीला जमले. आलेक्स, फिलू, मुले आणि भावाच्या रिक्षातून रोजामाय. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर थोडी भिंत उडत होती. मी पुन्हा पुन्हा फक्की टाकत होते. रोजामाय सरळ भिंतीवरून चालत आत गेली.

आलेक्स म्हणाला, “माय गो, भितीतसून चल्लंस. दार हय आसा.”

“भित खंय आसा अजून? बांदल्यावर बघूया.”

तिच्या झोपायच्या खोलीत खाट कुठे येणार, ते मी दाखवले. शेजारच्या घरातून एक बाजले मागून आणले आणि तिथे टाकले. मोठ्या घराच्या दिवाणखान्यात, आल्तार येणार होता त्या भिंतीवर, एक खुर्ची ठेवली. फिलूला त्या खुर्चीशेजारी उभे राहायला सांगितले. मग रोजामायला म्हटले, आता खाटेवर बस आणि तुला काय दिसायला हवे ते सांग.

ती बसली. मग आडवी झाली. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते, एक म्हातारी उघड्यावर बाजल्यावर निजली आहे आणि बाकीचे भोवती उभे आहेत. तिला त्याचे काही वाटले नाही. तिने मान वळवून मधल्या पांढऱ्या रेघेकडे बघितले आणि म्हणाली की निजून असताना सायबीण दिसायला हवी, बसता येणार नाही असे दिवस येतील तेव्हा पण.

मी रेघेत एक फट पुसली. तिथून खुर्ची दिसेना. फट पुढे नेली. फिलूचा अर्धा खांदा दिसला. खाट थोडी फिरवली, फट आणखी पुढे नेली, आणि आल्तार ज्या भिंतीवर येणार होता ती भिंत हातभर आत घेतली. त्यामुळे मोठ्या घराच्या स्वयंपाकघरातली हातभर जागा गेली. फिलूने ते बघितले आणि खुर्ची तेवढी आत सरकवली. आता खाटेवरून खुर्ची सरळ समोर दिसत होती. ती फट म्हणजे दोन बिऱ्हाडांमधले दार. आधीच्या नकाशात मधले दार नव्हतेच. स्वतंत्र बिऱ्हाड म्हणजे मधली भिंत सलग, असे मी गृहीत धरले होते.

फिलू मग माझ्याजवळ आली. ती माझ्याशी नेहमी शाळेतले मराठी बोलायची. म्हणाली, “मॅडम, दार असू दे. पण कडी माझ्या बाजूला हवी.”

तिचे कारण खरे होते. ती शाळेतून दमून यायची, तपासायच्या वह्या असायच्या. रोजामायकडे दिवसभर माणसे येत. जुन्या घरात ती माणसे सरळ फिलूच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, आणि तिने कधी तोंड उघडले नव्हते. नव्या घरात तिला एक दार हवे होते, जे ती बंद करू शकेल. त्यात वाईट काय आहे? मला तिची बाजू पटत होती.

तरीही माझ्या कामाचा एक नियम होता. तो मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नव्हता, लोकांच्या घरांत जाऊन-येऊन झालेला होता. मी फिलूला सांगितले की दोन बिऱ्हाडांमध्ये दार असेल तर कडी लहान बिऱ्हाडाच्या बाजूला असते. मोठ्या घरातल्या माणसाला दार बंद दिसले तर राग येतो. लहान घरातल्या माणसाला दार बंद दिसले तर भीती वाटते. रागाचे काहीतरी करता येते.

 रोजामाय बाजल्यावरून उठून बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ती सुनेला म्हणाली, “तुका लोका नको आसात तेवा माका सांग. मी कडी लावतंय. पण तू लावलंस तर ती भित होता.”

 फिलू मालवणीत, म्हणजे घरच्या भाषेत, म्हणाली, “बरा. तुझ्या बाजूक ऱ्हवांदे.” आणि वाकून तिने खुर्ची उचलली.

त्या दिवशी रोजामाय रेडीला परत गेली ती सामान आणायला.

घर झाले. चिऱ्याचे, कौलारू, पागोळ्या स्वतःच्याच जागेत पडतील असे. मायच्या बिऱ्हाडाला पायरी नव्हती, तिचे बाहेरचे दार रुंद ठेवले होते. चार माणसांना आत-बाहेर करता येईल एवढे. ते कशासाठी, हे तिने विचारले नाही. नकाशावर बोट ठेवून तिने फक्त मान हलवली होती. ज्या ओट्यावरून तिने एवढा वाद घातला, तो तिलाच सर्वांत जास्त उपयोगी पडला. सकाळची पेज तिला तिच्या वेळेला हवी असायची आणि फिलूची सकाळ तेव्हा डब्यांत जायची. रात्रीचे जेवण मात्र सगळ्यांचे मोठ्या घरात.

पहिल्या नाताळला मी नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, घेऊन बघायला गेले. दुसऱ्यांच्या घरात आपण आखलेले दार उघडे बघणे, हे माझ्या धंद्यातले खरे सुख. फिलूने मला चहा दिला आणि मधल्या दाराची एक हकिगत सांगितली.

पावसाळा संपल्यावर एकदा रोजामायने पुढच्या पडवीत सुंगटे, म्हणजे कोलंबी, सुकत घातली होती आणि नेमकी त्या दिवशी शाळेतली मोठी माणसे फिलूकडे आली. वासाने त्यांनी रुमाल काढले. ती गेल्यावर फिलू सासूला नको ते बोलली. रोजामाय उठली, आपल्या खोलीत गेली आणि पहिल्यांदाच कडी लावली. चहाला आली नाही. आलेक्स गोव्याहून आला, दार ठोठावले, उघडले नाही.

दिवेलागणीला फिलूने आल्तारापुढे मेणबत्ती लावली. मुले बसली. तिने तेर्स सुरू केली, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. अर्धी प्रार्थना म्हणून ती थांबली. मुलांच्या आवाजाबरोबर बंद दाराच्या पलीकडून उरलेली अर्धी आली. पुढची अर्धी तिने म्हटली, उरलेली पलीकडून आली. अशी पूर्ण तेर्स झाली. दार बंदच.

मग बेसांवची वेळ आली. मुले आईकडे बघू लागली. फिलू उठली, दारापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, “माय, बेसांव दी.”

कडी सरकली. रोजामायने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्यानंतर एवढेच म्हणाली, “सुंगटा उद्यापास्ना मागल्या दारी सुकत घालतंय.”

हे सांगताना फिलू हसत होती, पण तिने डोळे पुसले. मी चहा संपवला.

पुढची काही वर्षे रोजामाय त्या खोलीत राहिली. शेवटी खरोखरच बसता येईना. मी भेटायला गेले तेव्हा ती कुशीवर निजून दिवाणखान्याकडे बघत होती. तिने माझा हात धरला आणि डोळ्यांनी दार दाखवले. ती गेली त्या दिवशी तिला तिच्याच दारातून बाहेर काढले. खांदेकऱ्यांना दारात अडावे लागले नाही. खुरिसापाशी क्षणभर टेकवले आणि पुढे नेले.

ती गेल्याला वर्ष झाले, त्या दिवशीच्या मिस्सानंतर आलेक्स माझ्याकडे आला. मी तोवर काम बंद केले होते. त्याला बिऱ्हाड भाड्याने द्यायचे होते आणि मधले दार चिरे लावून बुजवायचे होते. भाडेकरूलाही तेच बरे, असे त्याचे म्हणणे. हिशोबाने ते बरोबर होते. मी म्हटले, आधी फिलूला विचार. त्याला आश्चर्य वाटले, कारण कधीकाळी कडी हवी म्हणून भांडणारी तीच होती. तो विचारून आला. फिलूने नाही म्हटले होते. का, ते तिने सांगितले नव्हते. त्याने पुन्हा विचारले नव्हते.

माझ्या सगळ्या नकाशांचे असे झाले नाही. सावंतवाडीच्या आसपास मी आखलेली कितीतरी बिऱ्हाडे आज कुलूप लावून पडली आहेत. आया गेल्या, भाऊ परतले नाहीत. कित्येक मधल्या भिंती सलग आहेत, कारण तेव्हा मला दार सुचले नव्हते किंवा कोणी ऐकले नाही. त्या घरांवरून जाताना मी दुसरीकडे बघते.

आता तुमचा नकाशा. तो चांगला आहे. खिडकी पूर्वेला आहे, न्हाणीघराला पायरी नाही, ओटा माझ्या उंचीचा आहे. पप्पांनी माझ्याकडून काहीतरी शिकून घेतले म्हणायचे. पण तुमच्या दिवाणखान्यात आणि माझ्या खोलीत सलग भिंत आहे. त्या भिंतीत मी पेन्सिलने एक दार काढले आहे आणि खाट कुठे ठेवायची ते दाखवले आहे. आल्तार मी इथून आणीन, तो लहानसाच आहे. पप्पा फोनवर म्हणाले की तिकडे मधल्या दाराला वेगळी परवानगी लागते. घ्यावी. कडी माझ्या बाजूला काढली आहे. ती मी क्वचित लावीन. तुमच्या मम्मीला निवांतपणा हवा असेल तेव्हा तिने मला सांगावे, संकोच करू नये.

दार झाले तर मी येईन. भिंत राहिली तर इथेच बरी आहे, आणि त्यात तुमच्यावर राग नाही.

मागच्या आठवड्यात मी इन्सुलीला जाऊन आले. रोजामायच्या बिऱ्हाडात आता एक नर्स राहते, घाटाच्या पायथ्याच्या गावातली मुलगी. तिची ड्युटी वेळी-अवेळी असते, म्हणून कडी बहुतेक वेळ लावलेली असते, आणि ते योग्यच आहे. आल्तार जिथे होता तिथेच आहे. कडी अजून लहान बिऱ्हाडाच्याच बाजूला आहे. दार कोणी बुजवलेले नाही.